पिवळ्या फुलांची झुडपं लावताय? आधी फांदी बघा, मग कात्री उचला

ओळखीतलं कुणी बागेबद्दल विचारायला लागलं की बहुतेक वेळा गाडी एकाच तक्रारीवर येते, झाड मस्त हिरवंगार आहे, वाढलंय पण भरपूर, दोन वर्षं झाली तरी फूल म्हणून दिसत नाही. मग मी तीन गोष्टी विचारते. ऊन किती तास मिळतं, खत कुठलं घालता आणि कात्री कधी लावली होती. पहिल्या दोन गोष्टी लोकांना माहीत असतात, तिसऱ्या प्रश्नाला मात्र उत्तर येतं, "अहो कधी वेळ मिळेल तेव्हा, जरा आडवंतिडवं वाढलं की कापतो". आणि घोळ तिथेच असतो. कारण पिवळ्या फुलांची म्हणून जी झुडपं आपण लावतो ती सगळी एका जातीची नाहीत, एका हवामानातली नाहीत आणि मुख्य म्हणजे त्यांना फूल एकाच प्रकारच्या फांदीवर येत नाही. काही झाडं त्याच वर्षी फुटलेल्या कोवळ्या फांदीच्या शेंड्याला फुलतात आणि काही झाडं गेल्या वर्षी वाढून आता पक्क्या झालेल्या फांदीवर फुलतात. एवढी एक गोष्ट कळली की छाटणी, खत, पाणी सगळ्याचं वेळापत्रक आपोआप लागतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पहिला गट नवीन फांदीवर फुलणाऱ्यांचा. टेकोमा, अलमंडा, गॅल्फिमिया, पिवळा जास्वंद, पिवळा शंकासूर, बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, ही उष्ण हवेतली सगळी मंडळी यातलीच. थंड हवेतल्या झुडपांमधली पोटेंटिला आणि झुडपी हायपेरिकमसुद्धा यातच येतात. यांना छाटलं की नवीन फुटवे येतात आणि प्रत्येक फुटव्याच्या टोकाला किंवा टोकाजवळ कळ्या लागतात, म्हणजे छाटणी जितकी नीट तितकी फुलं जास्त. यांची मोठी छाटणी जोमाची वाढ सुरू व्हायच्या जरा आधी करायची. थंडी पडते तिथे थंडी सरता सरता, आणि जिथे थंडी अशी नसतेच तिथे बहर ओसरून झाड जरा विश्रांतीला गेल्यासारखं वाटतं तेव्हा.

दुसरा गट जुन्या फांदीवर फुलणाऱ्यांचा. फोर्सिथिया, केरिया, थंडीत पानं नसताना फुलणारी पिवळी जाई, आणि तिचीच मोठ्या फुलांची सदाहरित बहीण जिला प्रिमरोज जाई म्हणतात ती. यांच्या कळ्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात नाहीतर शरदातच फांदीवर तयार होऊन बसलेल्या असतात, फक्त आपल्याला दिसत नाहीत, वाळक्या काड्या दिसतात. आणि मग माणूस हिवाळ्यात बाग आवरायला घेतो, काड्या बघतो, कापून टाकतो, आणि त्या काड्यांबरोबर येणाऱ्या वसंतातली सगळी फुलं कचऱ्यात जातात. झाडाचं काहीच बिघडत नाही, ते पानं काढून छान वाढतं, म्हणून चूक लक्षातही येत नाही आणि पुढच्या हिवाळ्यात परत तेच होतं. मी एक फोर्सिथिया बघितलाय ज्याला दरवर्षी हिवाळ्यात अगदी गोल गोल कापायचे, वर्षानुवर्षं त्याला आतल्या बाजूला चुकून राहिलेल्या फांद्यांवर मूठभर फुलं यायची. एक वर्ष कात्री लावू नका एवढंच सांगितलं होतं, पुढच्या वसंतात झाड बुडापासून टोकापर्यंत पिवळं. म्हणून या गटाचा नियम असा, फुलं गळून पडली की लगेच छाटा, आठवड्या दोन आठवड्यात उरका, म्हणजे नवीन फांद्यांना वाढून कळ्या धरायला अख्खा उन्हाळा मिळतो.

आता झाडाचं नावच माहीत नसेल तर? मग फूल आलं की ते ज्या काडीवर आलंय ती हातात धरून नीट बघा. काडी हिरवी, लवचिक, नखाने सहज ओरखडते अशी असेल तर झाड बहुधा नवीन फांदीवर फुलणारं. काडी तपकिरी, कडक, साल धरलेली आणि फूल थेट त्या सालीतूनच फुटल्यासारखं दिसत असेल तर जुन्या. अजून एक खूण म्हणजे वेळ, थंडी संपता संपता पानांच्या आधी किंवा पानांबरोबर जे फुलतं ते जवळजवळ नक्की जुन्या फांदीवरचं, कारण नवीन फांदी वाढायला त्याला वेळच कुठे मिळालेला असतो. आणि तरीही खात्री नसेल तर एक वर्ष फक्त मेलेल्या फांद्या काढा, बाकी हात लावू नका, बघत राहा.

एक झाड या दोन्ही गटांच्या बाजूला ठेवायला लागतं, ते म्हणजे ब्रूम. बारीक हिरव्या काड्यांचं, वाटाण्यासारख्या पिवळ्या फुलांनी लगडणारं. त्याची छाटणी फुलं संपल्यावर आणि तीही फक्त हिरव्या भागात करायची. खालच्या जुन्या तपकिरी लाकडात कापलं तर तिथून परत फुटत नाही, बुंधा तसाच वाळून जातो. शिवाय स्कॉच ब्रूम आणि त्याचा काटेरी नातेवाईक गोर्स ही दोन्ही झाडं न्यूझीलंड आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तण म्हणून माजलेली आहेत, तेव्हा लावण्याआधी आपल्या भागात चालतं का ते विचारून घ्या.

आता कुठलं झाड निवडायचं. मी सगळी सांगत बसत नाही, जी स्वतः सांभाळलीयेत किंवा जवळून बघितलीयेत त्यांच्याबद्दलच लिहिते.

टेकोमा हे सगळ्यात बिनधास्त झाड. भरपूर ऊन, पाण्याचा निचरा होणारी माती, एवढं दिलं की लगडतं. एकदा मूळ धरलं की पाण्याचा ताणही सोसतं. घंटेसारखी फुलं, घोसाने येतात, मधमाश्या दिवसभर. ते मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं आणि बहामाचं राष्ट्रीय फूलही तेच आहे. पण त्याला लांब शेंगा लागतात, त्यात कागदासारखे पंख असलेलं बी असतं आणि ते वाऱ्यावर उडून कुठेही रुजतं, ऑस्ट्रेलियाच्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या काही भागात ते त्रासदायक तण ठरलंय ते याचमुळे. म्हणून फुलांचा घोस संपला की शेंगा हिरव्या असतानाच देठासकट कापून टाका. दोन कामं होतात, बी पसरत नाही आणि झाडाची ताकद शेंगा पिकवण्यात न जाता पुढच्या घोसात जाते.

अलमंडा घेताना एक गोष्ट विचारूनच घ्या, वेल आहे का झुडूप. मोठ्या फुलांचा जो अलमंडा सगळीकडे दिसतो तो खरं तर चढणारा आहे, लांबच लांब फांद्या टाकतो आणि आधार शोधतो. त्याला झुडूप म्हणून कुंपणाला लावलं की तो विस्कटतो आणि मग माणूस वैतागून दर आठवड्याला कात्री घेऊन मागे लागतो आणि कळ्या कापल्या जातात. कुंपणाला हवा असेल तर लहान फुलांचा झुडपी अलमंडा मिळतो, तो मुळातच आटोपशीर. दोघांनाही चीक असतो, कातडीला खाज सुटू शकते, पोटात गेला तर जुलाब उलट्या होतात, हातमोजे घाला.

गॅल्फिमिया माझं सगळ्यात लाडकं. साधारण माणसाच्या कमरेपासून खांद्यापर्यंत वाढतं, तांबूस देठ, शेंड्याला लहान लहान पिवळ्या चांदण्यांचे तुरे, उबदार हवेत जवळजवळ वर्षभर काही ना काही फूल असतंच. कीड फारशी नाही, खताचा हट्ट नाही, फक्त सावलीत ठेवू नका, सावलीत ते लुकडं होऊन एका बाजूला झुकतं.

पिवळा शंकासूरही उन्हातलाच, काटे असतात म्हणून जाण्यायेण्याच्या वाटेवर नको. बियांपासून सहज होतो पण बीचं कवच टणक, एका बाजूने पॉलिश पेपरवर जरा घासून रात्रभर पाण्यात भिजत घाला, बी फुगलं की लावा. लाल पिवळा शंकासूर बार्बाडोसचं राष्ट्रीय फूल आहे आणि पिवळा हा त्याचाच एक रंग.

जागा जराशी सावलीची असेल तर वरची कुठलीच झाडं चालणार नाहीत, तिथे पॅकिस्टॅकिस लावा, ज्याला लॉलीपॉप प्लांट म्हणतात. त्याच्या उभ्या पिवळ्या कणसासारख्या तुऱ्यात जो पिवळा भाग दिसतो ती पाकळ्या नाहीत, ती पुष्पपत्रं म्हणजे फुलाखालची रंगीत पानं आहेत, खरी फुलं पांढरी असतात आणि त्यांच्या मधून डोकावतात. फुलं दोन चार दिवसात पडतात पण पिवळा तुरा आठवडेच्या आठवडे टिकतो. कडक दुपारचं ऊन त्याला नको, सकाळचं चालतं, आणि पाणी मात्र नियमित. थंड प्रदेशात अशा अर्धवट सावलीला केरिया बरी, ती सावली इतर फुलझाडांपेक्षा बरीच जास्त सोसते.

बिट्टीबद्दल मी जरा कडक बोलते. झाड सुंदर आहे, काटक आहे, वर्षभर फुलतं, सगळं खरं. पण त्याचा प्रत्येक भाग विषारी आहे, बी तर सगळ्यात जास्त, आणि ते विष सरळ हृदयावर काम करतं. जिथे लहान मुलं खेळतात, जनावरं चरतात, पाळीव प्राणी मोकळे फिरतात तिथे ते झाड लावूच नका. आधीचं असेल तर फळं धरली की काढून टाका, छाटलेल्या फांद्या जाळू नका, आणि कापून झाल्यावर हात आणि कात्री दोन्ही साबणाने धुवा. पिवळ्या घाणेरीचंही तसंच, गुरांना ती बाधते आणि मोकळ्या रानात गेली की आवरत नाही, एवढी दुसरी झाडं असताना तिच्या वाटेला जायचं कारण मला तरी दिसत नाही.

आता लावायचं कसं. जागा आधी दिवसभर बघा, म्हणजे खरंच सकाळी, दुपारी, संध्याकाळी जाऊन बघा ऊन कुठे आहे. सहा तास थेट ऊन मिळालं पाहिजे, त्यापेक्षा कमी असेल तर फुलांची अपेक्षा कमी ठेवा. मग खड्डा, आणि इथे लोक उगाच खोल खणतात. खड्डा रुंद हवा, मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट तिप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. खोल खणून खाली भुसभुशीत माती भरली की ती नंतर बसते आणि झाड खाली जातं, बुंध्याशी पाणी साचतं, साल कुजते. कुंडीत मातीची जी पातळी होती तीच जमिनीत राहिली पाहिजे, किंचित वर असली तरी चालेल, खाली मात्र नको.

खड्डा तयार झाला की झाड लावायच्या आधी तो पाण्याने भरून बघा. पाणी काही तासात जिरलं तर उत्तम. दुसऱ्या दिवशीही तळाला पाणी दिसत असेल तर तिथे खड्ड्यात लावू नका, वीस तीस सेंटीमीटर उंच वाफा करून त्यावर लावा. पिवळ्या फुलांची बहुतेक झुडपं उपास सोसतात पण पाण्यात उभं राहणं सोसत नाहीत.

पिशवी काढल्यावर मुळं बघा. गोल गोल फिरून दोरखंडासारखी झाली असतील तर हाताने मोकळी करा, नाही सुटली तर धारदार सुरीने गोळ्याला तीन चार ठिकाणी उभे काप द्या. ऐकायला क्रूर वाटतं पण तशीच लावली तर मुळं वर्षानुवर्षं त्याच गोलात फिरत राहतात आणि झाड एक दिवस वाऱ्याने हलायला लागतं. खणलेलीच माती परत भरा, त्यात साधारण पाव हिस्सा कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट. ताजं शेण अजिबात नको. मग आळं करून भरपूर पाणी, आणि वर पालापाचोळ्याचं पाच ते सात सेंटीमीटर आच्छादन, बुंध्यापासून चार बोटं लांब. कुंपण करायचं असेल तर गॅल्फिमिया, झुडपी अलमंडा यांच्यात साठ ते नव्वद सेंटीमीटर अंतर ठेवा, सुरुवातीला विरळ दिसतं, दिसू दे.

पाणी पहिल्या वर्षी नियमित लागतं, नंतर कमी. रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा काही दिवसांनी आळं भरून दिलेलं पाणी चांगलं, खाली जातं आणि मुळं त्याच्या मागे खाली जातात. किती दिवसांनी ते मी सांगू शकत नाही, माती सांगेल, बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तर द्या, ओलं लागलं तर उद्या बघा.

खताच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे नत्र (नायट्रोजन) जास्त घालणं. लॉनला युरिया टाकतात, तो बाजूच्या झुडपाला जातो, झाड हिरवंकंच होतं, फांद्या लांब लांब, फूल शून्य. पानं गडद, मोठी, मऊ आणि कळी नाही असं चित्र असेल तर खत बंद करा, आणखी घालू नका. वाढीच्या सुरुवातीला एकदा बुंध्याभोवती दोन तीन ओंजळी कंपोस्ट आणि बहराच्या काळात महिन्या दीड महिन्याने थोडं संतुलित खत, जमिनीतल्या झाडाला एवढं पुष्कळ. जास्वंदाला मात्र जास्त भूक असते आणि त्याला पालाश (पोटॅश) आवडतं, पण स्फुरद (फॉस्फरस) जास्त झालेलं सोसत नाही, म्हणजे फुलं यावीत म्हणून जे जास्त स्फुरदाचं खत दिलं जातं ते जास्वंदाला उलटंच पडतं.

आता पिवळी फुलं हवी असताना पानंच पिवळी पडायला लागली तर. घाबरून लगेच खत ओतू नका, आधी कुठली पानं पिवळी ते बघा. खालची जुनी पानं अख्खी सारखी पिवळी पडून गळत असतील आणि वाढही थांबली असेल तर नत्र कमी आहे. जुन्या पानात शिरांच्या मधला भाग पिवळा आणि शिरा हिरव्या असं असेल तर मॅग्नेशियम. आणि तेच चित्र सगळ्यात वरच्या कोवळ्या पानांवर असेल, म्हणजे शेंड्याची पानं फिकट पिवळी आणि त्यावर हिरव्या शिरांचं जाळं, तर लोह मिळत नाहीये. इथे गंमत अशी की मातीत लोह बहुतेक वेळा असतंच, पण माती चुनखडीची असली, सामू म्हणजे पीएच साडेसातच्या वर गेला, किंवा वर्षानुवर्षं जड पाणी दिलं की ते लोह मुळांना उचलता येत नाही. अशा वेळी साधं हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून फार उपयोग होत नाही, चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह घ्या, त्यातही पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं, कारण ईडीटीए वालं अशा मातीत टिकत नाही. कंपोस्ट आणि पालापाचोळा सतत घालत राहिलात तर हळूहळू फरक पडतो. आणि हे सगळं करण्याआधी एकदा माती उकरून बघा, कारण पाणी जास्त होऊन मुळं कुजत असली तरी पानं अशीच पिवळी पडतात आणि तेव्हा कितीही खत दिलं तरी ते घ्यायला मूळच उरलेलं नसतं.

कळ्या येतात आणि उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळतात ही तक्रार खास जास्वंदाची. कधी पाण्याची ओढाताण, एक दिवस सुकं एक दिवस तुडुंब. कधी कुंडी इकडून तिकडे हलवली म्हणून. पण सारखंच होत असेल तर गळलेली कळी उभी चिरून आत बघा, बारीक अळ्या किंवा इवलेसे लांबट फुलकिडे दिसतील. गळलेल्या कळ्या रोज वेचून पिशवीत घट्ट बांधून टाकायच्या, मातीत पडू द्यायच्या नाहीत, कारण त्यातली अळी मातीत जाऊन परत माशी होऊन वर येते. हे कंटाळवाणं काम दोन तीन आठवडे न चुकता केलं तर औषधापेक्षा जास्त फरक पडतो, मी स्वतः करून बघितलंय.

बाकी किडी नेहमीच्याच, मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने, नाही गेलं तर एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि ते मिसळण्यापुरता पातळ साबण, संध्याकाळी. उन्हात फवारलं तर पानं करपतात, आणि उमललेल्या फुलांवर नको, मधमाश्या पिवळ्या रंगाकडे खूप येतात. एक अपवाद सांगते, पिवळ्या फुलांचा कॅशिया, ज्याला सेनाही म्हणतात, तो लावलात आणि पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर हात लावू नका. त्या पिवळसर पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात, त्यांचं बाळंतपणाचं झाडच ते. महिनाभर झाड बोडकं दिसेल, परत पानं येतील, काही होत नाही.

आता छाटणीचा हात. कात्री धारदार आणि पुसलेली, एका आजारी झाडावरून दुसऱ्यावर जाताना स्पिरिटने पुसून घ्या. पहिली फेरी मेलेल्या, रोगट आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्यांची, ही वर्षात कधीही चालते. त्यानंतर लांब उभं राहून झाड बघायचं, खरंच दहा पावलं मागे जाऊन. जवळून कापत गेलं की एकीकडे टक्कल पडतं. काप घ्यायचा तो बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवीन फुटवा येतो तो फांदीवरचा उंचवटा) वर, अर्धा पाऊण सेंटीमीटर सोडून, जरा तिरपा. डोळा बाहेर बघत असेल तर फांदी बाहेर जाते, झाड आतून मोकळं राहतं, ऊन वारा आत जातो. नवीन फांदीवर फुलणारी झाडं एकदम एक तृतीयांशापर्यंत कमी केली तरी चालतात, टेकोमा तर त्याहून जास्तही सोसतो. मधल्या काळात फक्त संपलेले घोस काढत राहा.

जुन्या फांदीवर फुलणाऱ्यांना शेंडे कापून गोल करायचं नाही, बुंध्यातून पातळ करायचं. दरवर्षी फुलं संपल्यावर सगळ्यात जाड, सगळ्यात म्हाताऱ्या फांद्यांपैकी साधारण एक तृतीयांश जमिनीलगत कापून काढा, तीन वर्षांत सगळं झाड नवीन होतं आणि एकाही वर्षी फुलं बुडत नाहीत. खूप कडक थंडीच्या जागी फोर्सिथियाला फक्त खालच्या भागात फुलं आली आणि वर काहीच नाही असं झालं तर तो छाटणीचा दोष नाही, बर्फाखाली झाकलेल्या कळ्या वाचल्या आणि वरच्या गारठून मेल्या एवढंच.

उष्ण प्रदेशातल्या झाडांना थंडीचा कडाका बसला, पानं काळी पडली, फांद्या वाळल्यासारख्या झाल्या तर लगेच कापायला धावू नका. ऊब येईपर्यंत थांबा, ते वाळकं लाकूड खालच्या भागाचं रक्षण करत असतं, आणि लवकर कापलं की कोवळे फुटवे येतात आणि पुढच्या गारठ्यात तेही जातात. टेकोमा वरून पूर्ण मेल्यासारखा दिसला तरी बहुतेक वेळा बुडातून फुटतो. अलमंडाचं तसं नाही, त्याला गोठणारी थंडी सोसतच नाही, तो कुंडीत ठेवून आत घेणंच बरं.

कुंडीत लावणार असाल तर निदान चौदा सोळा इंची घ्या, भोकं मोकळी हवीत, आणि मिश्रण नुसत्या मातीचं नको, माती, कंपोस्ट आणि कोकोपीट किंवा जाड वाळू सारख्या प्रमाणात. पाणी आणि खत कुंडीत जास्त वेळा लागतं पण थोडं थोडं. दोन तीन वर्षांनी झाड बाहेर काढून मुळांचा बाहेरचा थर दोन बोटं कापायचा, तेवढीच वरची छाटणी करायची, नवीन मिश्रण भरून परत तिथेच. लोक हे करायला घाबरतात आणि मग कुंडी मोठी मोठी करत जातात.

छाटणीच्या काड्या फेकू नका, त्यातूनच नवीन झाडं होतात. अगदी कोवळी नाही, अगदी जून नाही, वाकवली तर जरा कडक लागते अशी दहा पंधरा सेंटीमीटरची काडी घ्या, तीन चार डोळे असलेली. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, खालची पानं काढून टाका, वरची दोन ठेवा आणि मोठी असतील तर अर्धी कापा. अलमंडासारख्या चिकाच्या झाडाची काडी असेल तर काप पाण्यात धुऊन चीक थांबू द्या आणि तासभर सुकू द्या, मगच खोचा. मुळं फुटायची पावडर मिळाली तर लावा, नाही मिळाली तरी गॅल्फिमिया आणि अलमंडा होतात, जरा उशीर लागतो आणि काही काड्या जातात, म्हणून एकाच्या जागी पाच लावा. ओलसर कोकोपीट आणि वाळूत खोचून वर पारदर्शक पिशवी उलटी घाला, उजेडात ठेवा पण उन्हात नाही. चार ते सहा आठवड्यांनी काडी हलक्या हाताने ओढून बघा, अडकल्यासारखी वाटली की मुळं आलीत. नवीन पान आलं म्हणजे मूळ आलंच असं नसतं, काडीतल्या साठ्यावरही पान फुटतं, म्हणून पान बघून पिशवी काढायची घाई करू नका.

पिशवी एकदम काढायची नाही, आधी कोपरा फाडायचा, दोन तीन दिवसांनी अर्धी, मग पूर्ण. त्यानंतर लहान कुंडीत लावा आणि पहिली एक दोन महिने जी काही कळी येईल ती खुडून टाका. जिवावर येतं, मला अजूनही येतं, एवढीशी काडी आणि तिला पहिली पिवळी कळी. पण तेव्हा खुडलं की काडी मुळाकडे लक्ष देते, आणि शेंडाही एकदा खुडला की एकाच्या जागी दोन तीन फांद्या होतात आणि झुडूप बुडापासूनच भरतं.